तिसऱ्या खांबाखालची रेती

मी, श्रीनाथ नारायण हरमलकर, वय एकाहत्तर, व्यवसाय वकिली, राहणार तालुका पेडणे, गोवा, हे माझे इच्छापत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे आणि कोणाचा दाब नाही, असे लिहायची रीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. दाबाचे खाली लिहिले आहे. चार महिने मी भीत भीत जगतो आहे, ते लपवून सही केली तर पहिलीच ओळ खोटी ठरेल. नोटरींनी हे दोरा-लाख लावून बंद ठेवावे आणि माझ्या पश्चात उघडावे.

१. आमच्या गोव्याच्या कायद्याने अर्धी मिळकत मुलगी योगिता हिची आहेच. उरलेल्या अर्ध्यातले राहते घरही तिला. न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण आईचे आहे, ते मोडीत घालू नये.

२. कपाटातला काळा झगा पेडण्याच्या कोर्टात नव्याने उभी राहणाऱ्या अमृता परबला. तो इफेआनी ओबिओरा यांचा. लागोसला मी त्यांच्या कचेरीत चोवीस वर्षे होतो. रस्त्यात जमिनी गेलेल्या गावकऱ्यांचे दावे ते लढवत आणि जिंकत. मग एक दिवस म्हणाले, "श्रीनाथ, आपण रस्ता झाल्यावर भांडतो. रस्ता कुठून जाणार ते पैसा घालणारा आधीच ठरवतो." झगा माझ्या अंगावर टाकून ते त्या बाजूला गेले. पुढे बंदरे, वीजघरे, पूल. तीन खंडांत त्यांचा पैसा फिरला आणि करारांची कलमे मी लिहिली. त्यांचा नियम एकच होता: बांधलेली वस्तू वर्षातून एकदा खालून बघायची. वरून सगळेच पूल चांगले दिसतात, असे ते म्हणत.

३. कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, पुतण्या महेश याला देईन असा शब्द मी भावाला दिला होता. तो शब्द मी मोडतो. कुळागर शेवंतीला, जिने माझ्या पत्नीचे शेवटचे आजारपण काढले. महेशने कोर्टात जावे, मलाही बोलायचे आहेच, पण तेव्हा मी नसेन. माणूस मेल्यावर शूर होतो तो असा.

४. मी गावी परतलो तेव्हा ओबिओरांनी माझ्याखातर आमच्या खाडीवर पूल बांधायला पैसा उभा केला. करार मीच लिहिला. पाण्याखालच्या वार्षिक तपासणीचे आणि पुलाजवळ रेती न काढण्याचे, अशी दोन्ही कलमे मी माझ्या हाताने खोडली. तिसरा खांब राखणदाराच्या कोंडीत, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या डोहात, उभा आहे. तिथली मूठभर रेती उचलायची छाती गावात कोणाची नव्हती. मी ओबिओरांना तसे सांगितले. ते हसले नाहीत. "तुझा देव वर्षातून किती वेळा पाण्यात उतरतो?" एवढेच त्यांनी विचारले. मला राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

पाच वर्षांनी महेशने राखणदाराला नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले, आणि देवाची परवानगी मिळाली म्हणून त्याच कोंडीत रेतीच्या होड्या लावल्या. गाव गप्प बसले, कारण रीत पाळली होती. मी वास्कोहून पाणबुड्या आणला. त्याने लिहून दिले आहे की तिसऱ्या खांबाचा पाया उघडा पडला असून खालून हात घालता येतो. तो कागद या पत्राला जोडला आहे.

महेशला हे कळले. सोप्यावर येऊन बसला, चहा प्यायला, आणि जाताना हळूच म्हणाला, "काका, तुमकां पेवपाक येता मरे?" मला पोहता येत नाही, ते त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दिवसापासून मी होडीत बसत नाही आणि दाराला दुहेरी कडी लावतो. कागद खणात ठेवला. महेशची भीती होती, आणि खोडलेल्या कलमांवर माझी सही आहे, तिचीही होती.

५. आता शेवटचे. वर 'माझ्या पश्चात उघडावे' असे लिहिले आहे. योगिताची सिद्धी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या व्हॅनमधून रोज दोनदा ती त्या पुलावरून जाते, बरोबर आणखी अकरा मुले. पुलाच्या आधी मीच जाईन, असे मला कोणी लिहून दिले आहे? सगळा जन्म कलमे लिहिण्यात गेला आणि एवढे चार महिने कळले नाही. सबब दोरा-लाख नको. पाणबुड्याचा कागद आणि या पत्राच्या चौथ्या कलमाची नक्कल मी आजच, इथून उठून, मामलेदारांच्या हातात देतो. सही माझीच आहे.

श्रीनाथ ना. हरमलकर
पेडणे, ता. १७ ऑगस्ट २००९

साक्षीदार:
१. कृष्णनाथ शेटगावकर, निवृत्त शिक्षक
२. शंभू गावस, शाळेच्या व्हॅनचा चालक

टीप, माझ्या हातची: शंभूने सगळे वाचले, सही केली आणि पेन हातात धरून विचारले, "बाब, मगीर आज दनपारां भुरग्यांक खंयच्या वाटेन हाडूं?" दुपारी मुलांना कोणत्या वाटेने आणायचे, हे तो विचारत होता. पूल टाळणारी वाट मी सांगितली, "चोपड्यावरून. वळसो पडलो तरी चोपड्यावरून."