दिवाणावरचं शेपूट

धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. सांगते मी, लिहिते सूनबाई. तेव्हा अक्षर सुबक दिसलं तर तिचं आणि मजकूर तिखट लागला तर माझा. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. तुझे यजमान तुला पत्र वाचून दाखवताना न पटणाऱ्या ओळी गाळतात, असं तू मागे म्हणाली होतीस. (यजमानांनी ही ओळही वाचावी.)

गेल्या खेपेला तू राहायला येते म्हणालीस आणि माझ्या लेकाने फोनवर "मावशी, सध्या जागा नाही" म्हणून सांगितलं, ते तुला लागलं, हे मला तुझ्या गप्प बसण्यावरून कळलं. तू गप्प बसतेस म्हणजे काय थोडं झालं? पण जागा खरंच नव्हती गं. खिडकीखालच्या दिवाणावर, जिथे तू आलीस की झोपतेस आणि एरवी दिवसभर मी बसते, तिथे एक पाहुणा आडवा झाला होता. त्याला स्पॉयलर म्हणतात. काळं, चकचकीत, गाडीच्या मागे लावायचं शेपूट. गाडी भन्नाट धावली की मागून उचलली जाऊ नये म्हणून लावतात म्हणे. आपली गाडी चढावर सायकलवाल्याला वाट देते. तिला उडण्याची भीती म्हणजे मला फार शिकून बिघडण्याची भीती.

लेकाने हौसेने आणलं आणि लावायला गेला, तर ते दुसऱ्याच गाडीच्या मापाचं निघालं. दुकानदार परत घेईना, माळ्यावर मावेना, पलंगाखाली जाईना. ते दिवाणावर पसरलं आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आले. खिडकीतून रस्ता बघायचा सोडून कुकर बघत बसायचं.

मग त्याने फोनवर जाहिरात टाकली. आकर्षक, दमदार, स्पोर्टी, काय काय लिहिलं. लोक विचारत, "आहे का?" हा कळवी, "आहे." की माणूस बेपत्ता. जणू नुसती खुशाली विचारायला आला होता. शेवटी मी म्हटलं, मी विकून दाखवते. तो हसून म्हणाला, "आई, तू विकलंस तर दिवाण कायमचा तुझा. मी टेकणारसुद्धा नाही." सूनबाईने हे ऐकलं आहे. (ऐकलं आहे. - सून)

सूनबाईने ते दिवाणावर होतं तिथेच त्याचा नवा फोटो काढला आणि मजकूर मी सांगितला: वस्तू कोरी आहे, कारण आमच्या गाडीला बसत नाही. तुमच्या गाडीला बसेल का ते आधी मोजा, मागाहून कुरकुर चालणार नाही. दुपारपासून फोनला उसंत नाही. मी लेकाकडे बघून नुसती मान डोलवत होते. मग सूनबाईने निरोप वाचून दाखवले. सगळे दिवाण मागत होते. एकाने तर विचारलं होतं, वरची काळी फळी काढून मिळेल का. लेकाचे डोळे चमकले. म्हणतो, "दिवाणच देऊन टाकू या का? शेपूट मग जमिनीवर ठेवता येईल." असल्या पोराला मी बदाम भिजवून घातले, धाकटे.

संध्याकाळी चौकातला केस कापायच्या दुकानाचा मालक मोजायची टेप घेऊनच आला. गिऱ्हाइकांना बसायला त्याला दिवाण हवा होता. मी म्हटलं, दिवाण विकाऊ नाही, पण आलात तर बसा, शेपटाशेजारी. दुकान केवढं विचारलं, तर बोळाएवढं. मग दिवाण आत आणि तुम्ही रस्त्यावर का, विचारल्यावर तो विचारात पडला. आरशाखाली फळी आहे का? नाही. बाटल्या कुठे ठेवता? खिडकीत. मी शेपटावरून पदर फिरवला. त्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि तो भांग नीट करायला लागला. तिथेच मी ओळखलं, मासा गळाला लागला.

"पण आजी, हे गाडीचं ना? माझ्याकडे गाडी नाही."

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं. "तिला तरी कुठे बसतंय?"

लेकाने सांगितलेली पूर्ण किंमत त्याने दिली, वर लेकाचे केस जन्मभर फुकट कापायचं कबूल केलं. (कापण्यासारखं आता फार उरलेलं नाही, हे मी बोलले नाही.) गाडी नसलेल्या माणसाला मी गाडीचं शेपूट विकलं. दोन अक्षरं येत असती तर गाडीही विकली असती. आता मी खिडकीखाली पाय सोडून बसले आहे आणि चिरंजीव स्टुलावर बसून कुकर बघतात.

तुझी, दिवाणाची मालकीण,
थोरली

ता. क. शेपटाला उतार असल्यामुळे बाटल्या घसरू लागल्या, म्हणून त्याने ते दुकानाच्या दारावर ठोकलं. तरुण पोरं त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, मलाही असंच एक हवं.

आणखी ता. क. हे लेकाच्या कानावर गेलं. "आई, तुझ्या हाताला गुण आहे," म्हणून त्याने आणखी दोन मागवली. दिवाण तुझाच, म्हणतो, फक्त चार दिवस ठेवू. तेव्हा पत्र मिळताच पिशवी भर आणि निघ. आलीस की सरळ दिवाणावर आडवी हो. आईला "जरा ऊठ" म्हणायला तो कचरत नाही. मावशीला म्हणायची त्याची छाती नाही.

(मावशी, दोन नाही, पाच मागवली आहेत. आईंना अजून ठाऊक नाही. काकांनाही घेऊन या. ते उंच आहेत. - सून)