एकवीसखालचा भारत

५ नोव्हेंबर २००६, रविवार. सारोळे.
निवडून आलो. भारताच्या एकवीस वर्षांखालील बास्केटबॉल संघाचा मॅनेजर. सात मतं पडली, त्यातली चार मला. विरोधक बहुधा दिल्लीचा.
पुढेमागे कुणी मुलाखत घेतली तर तारखा लागतील, म्हणून आजपासून रोजनिशी. खेळ इंटरनेटवरचा आहे. खेळाडू कॉम्प्युटर तयार करतो. नाव, उंची, वय सगळं तोच देतो. पण देश खरा आहे.
बायकोला, म्हणजे शाहीनला, सांगितलं. ती लेकीच्या, नूरच्या केसांतून फणी फिरवत होती. म्हणाली, "म्हणजे नेमकं काय करायचं?" देश सांभाळायचा, म्हटलं. "बरं," म्हणाली. "जाताना दुधाच्या किटल्या विसळून जा."
डेअरीत दुधाचं फॅट तपासायचं काम करणारा माणूस उद्या कुठे असेल, ते तिला आज दिसत नाही. दिसेल.

९ नोव्हेंबर
संघ पाहिला. कॉम्प्युटरनं नावं कशीही जोडलीत. बलदेव नटराजन. थॉमस यादव. इक्बाल बॅनर्जी. चांगलंच आहे, राष्ट्रीय एकात्मता. बलदेव सात फूट एक इंच, वय वीस, सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा. त्याच्याभोवती संघ बांधायचा.
अडचण एकच. खेळाडू देशाचे असले तरी क्लबांचे मालक जगभर पसरलेत. बलदेवचा मालक पोलंडमध्ये. त्याला काय शिकवायचं ते मालक ठरवतो, मी फक्त विनंती करायची. आणि हा मनुष्य सात फुटी पोराला लांबून बॉल टाकायला शिकवतोय! डिक्शनरी घेऊन इंग्रजीत सविस्तर विनंती केली. रिबाउंडचं, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल धरण्याचं, महत्त्व समजावलं.

२१ नोव्हेंबर
पोलंडचं उत्तर आलं. "नो."
भाषेची अडचण असावी.

३ डिसेंबर
मित्रत्वाचा सामना. हरलो. मुद्दाम नवीन पोरं उतरवली होती.
सामने आपल्याकडे दुपारी दोनला असतात, तेव्हा युरोपात सकाळ. शाहीन तेव्हा बालवाडीत आणि माझी डेअरी सकाळ-संध्याकाळ, म्हणजे वेळ अगदी सोयीची. फक्त घरातला फोन आणि नेट एकाच तारेवर. नेट लागलं की फोन बंद. ब्रॉडबँड भोरला आलाय, सारोळ्याला येणार येणार चाललंय. मोबाईल एकच, तो अब्बांकडे टेम्पोत असतो. पण दुपारी कोण फोन करतंय.
लाइनअप, म्हणजे कोण खेळणार ती यादी, लावून उठलं तरी चालतं. मी उठत नाही. मॅनेजर समोर असला की पोरं जीव तोडून खेळतात. गेममध्ये तसा नियम नाही, अनुभव आहे.

१ जानेवारी २००७. बकरी ईद
घर भरलेलं. शाहीनचा भाऊ फरहान भोरहून आला होता. सगळ्यांसमोर विचारतो, "भाईजान, बास्केटबॉलच्या बॉलमध्ये हवा किती भरतात?" मी म्हटलं, ते मॅनेजर बघत नाही. लोक हसले. हसू देत.
फरहाननं एक बातमी आणली. भोरच्या एका खासगी शाळेत मास्तरणीची जागा निघतेय. शाहीनचं डी.एड. होऊन सहा वर्षं झाली. बालवाडीत बडबडगीतं म्हणून तिचा घसा गेला. ती लगेच उठून ट्रंकेतून सर्टिफिकेटं काढायला लागली, पाहुणे जेवायचे होते तरी. मी म्हटलं, चांगलं आहे, अर्ज कर. दोघांचंही करिअर एकदम.

२६ जानेवारी
सत्कार! ग्रामपंचायतीसमोर, झेंडावंदन झाल्यावर. आमच्या डेअरीचे चेअरमन आनंदराव माईकवर म्हणाले, "आपल्या सारोळ्याचे जहांगीर मुलाणी भारतीय युवा बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक झाल्यात, ही लई अभिमानाची गोष्ट हाय." शाल, नारळ, टाळ्या. इंटरनेटवरचा संघ असं सांगणार होतो, पण कार्यक्रमाचा ओघ बिघडला असता.
म्हातारे गेनबा जवळ आले. "पोरं कुठं उतरल्यात तुजी? आण की येकदा गावात. जेवाय घालू."
"सध्या बाहेर आहेत," मी म्हटलं.
"उंच आसतील लई. वाढायला आमास्नीच स्टूल घ्याय लागंल." आणि स्वतःच खूश होऊन हसले.
शाहीन मागेच उभी होती. नूरचा हात धरून एकदम घराकडे निघाली. ऊन लागलं असेल.

८ फेब्रुवारी
शाहीनची मुलाखत झाली. यादीत दुसरा नंबर. पहिल्या नंबरच्या बाईंचे यजमान कोल्हापूरला असतात, त्या नाही म्हणतील असं तिथला क्लार्क म्हणाला. तसं झालं तर सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी घरच्या नंबरवर फोन करतील. होकार लगेच कळवायचा, शाळेला जागा आठवड्यात भरायचीच आहे.
शाहीन रात्रीच्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मला बालवाडी सोडून घरी बसता यायचं नाही, रजा शिल्लक नाही. तुम्ही असताच घरी. फोन आला की पळत येऊन सांगा. आणि अहो, ते दोन दिवस नेट लावू नका."
शब्द दिला. त्यात काय एवढं.
अब्बा म्हणाले, "मी ऱ्हातो घरी, टेम्पो बंद ठेवतो." मी म्हटलं, अब्बा, एक फोन उचलायला माणसं किती लागतात?

११ फेब्रुवारी
वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीचं वेळापत्रक लागलं. सोमवारी इस्टोनिया, मंगळवारी बल्गेरिया. काय पण योगायोग. लाइनअप आजच लावून ठेवतो. शब्द म्हणजे शब्द.

१२ फेब्रुवारी, सोमवार
थॉमस यादवचा घोटा मुरगळला. सकाळी डेअरीतून आल्यावर सहज एक मिनिट बघितलं म्हणून कळलं, नाहीतर लंगडा माणूस मैदानात गेला असता. लाइनअप बदलावी लागली. तोवर दोन वाजत आलेच होते. शाळेवाले फोन करणार तर जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे दोनच्या आत. आला नाही. मग सामना बघितला.
भारत ६१, इस्टोनिया ९८. बलदेवनं लांबून अकरा बॉल टाकले, एक गेला.
शाहीन धापा टाकत आली. "आला?" म्हटलं, नाही. खोटं नाही बोललो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
काल आला नाही, म्हणजे पहिल्या बाईंनी होकार दिलेला दिसतो. तरीही एकपर्यंत फोनपाशी बसलो. मग लोडशेडिंग. वीज दोनला आली, त्याला मी काय करू? आज जिंकलो असतो तर गटात तिसरे.
चौदा पॉइंटनी हरलो. कालच्या मानानं मोठीच प्रगती. दुसऱ्या हाफमध्ये तर आपणच सरस.
संध्याकाळी शाहीननं रिसीव्हर उचलून कानाला लावला, ठेवला, पुन्हा लावला. म्हणाली, "चालू तर आहे."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
शाहीन आज स्वतःच भोरला जाऊन आली. उन्हं कलल्यावर परतली. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून उंबऱ्यापाशी बसली. अब्बा अंगणात टेम्पो पुसत होते, ते फडकं हातात घेऊनच आत आले.
तिनं सांगितलं ते असं. पहिल्या बाईंनी रविवारीच नकार कळवला. क्लार्कनं सोमवारी फोन लावला, एंगेज. मंगळवारी तीनदा लावला, एंगेज. हेडबाई म्हणाल्या, या बाईंना गरज दिसत नाही. बुधवारी तिसऱ्या नंबरला बोलावलं. आज त्या बाई वर्गावर होत्या. शाहीननं त्यांना खिडकीतून बघितलं. दुसरीचा वर्ग, पाढे चालले होते.
मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "जिंकलात का?"
मी म्हटलं, "चौदा पॉइंटनी गेला. पण दुसरा हाफ छान झाला."
ती उठली, आत जाऊन सर्टिफिकेटं ट्रंकेत ठेवली. कडीचा आवाज आला.
अब्बा म्हणाले, "जहांगीर, त्या डब्यातल्या पोरांस्नी भूक लागती का रं?"
प्रश्नाचा रोख कळला नाही.

१७ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. नोकऱ्या कुणी फोनवर देतं का? पत्र पाठवायला हवं होतं. नाहीतर शिपाई. भोर ते सारोळे अंतर ते किती. संस्थेचीच चूक. तिला हे समजावलं. ती ऐकत होती. भांडली असती तर बरं झालं असतं, मुद्दे तयार होते.

४ मार्च
रागात निर्णय घेऊ नयेत म्हणून राजीनामा दिला नाही.

१८ मार्च
मोठा धक्का. पोलंडवाल्यानं खेळ सोडला. त्याचा क्लब आता कॉम्प्युटर चालवणार, म्हणजे बलदेवला काहीच शिकवलं जाणार नाही. वीस वर्षांचा पोरगा नुसता बाकावर बसून राहणार. जेवण गेलं नाही. शाहीन म्हणाली, "कुणाला काय झालं?" सांगितलं. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि नूरला घेऊन अंगणात गेली. हल्ली घरात सगळं वेळच्या वेळी होतं, डबा, चहा, इस्त्री. फक्त ती मला काही सांगत नाही आणि मागत नाही. म्हणजे आता निवळलं असावं.

२९ एप्रिल
फेरनिवडणुकीचा निकाल. शून्य मतं. माझं स्वतःचंही पडलं नाही, शेवटच्या दिवशी लोडशेडिंग होतं. नवीन मॅनेजर दिल्लीचाच आहे. त्याला सहकार्याचा निरोप पाठवला. सल्लागार म्हणून मला घेईल.

१३ मे
आनंदरावांच्या कानावर कुणीतरी घातलं. डेअरीत सगळ्यांसमोर म्हणाले, "व्हय रं जहांगीर, ती पोरं नव्हतीच म्हनं कुठं?" मी म्हटलं, होती, पण वेगळ्या अर्थानं. गेनबा तिथेच किटली घेऊन उभे होते. ते मान खाली घालून दूध ओतत राहिले. मला त्यांचंच जास्त लागलं, का ते माहीत नाही.

२७ मे
शाहीननं आज सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. वेल्ह्याच्या पुढे डोंगरातल्या वस्तीवर एका संस्थेची शाळा आहे, एकशिक्षकी. तिथे कुणी टिकत नाही म्हणून जागा मिळाली. बनाबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्याकडे राहायची सोय. नूरला घेऊन जाणार.
"रोज जाऊन येऊन कर," मी म्हटलं.
"दोन एस.टी. आणि वर दीड तास चढण. कसं करू?"
"मग मला विचारायचंस तरी."
"कधी विचारू?" म्हणाली. "तुम्ही कधी रिकामे असता ते सांगा, तेव्हा विचारते."
आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, आता तर रिकामाच आहे, निवडणूक हरलो. ती नूरच्या फ्रॉकांच्या घड्या घालत राहिली.

१० जून
अब्बा दोघींना टेम्पोतून सोडून आले. मला डेअरीत कुणी बदली मिळाला नाही. मागितला नव्हता, पण मिळाला नसताच. रात्री अब्बांनी आणि मी भाकरी केल्या. त्यांच्या गोल झाल्या.
तात्पुरतंच आहे. पहिला पाऊसकाळ झाला की कंटाळेल.

१५ जून
कॉम्प्युटर लावला. बलदेव नटराजन आज एकवीस वर्षांचा झाला. संघाच्या पानावर त्याचं नाव नाही. सल्लागार पदाबद्दल दिल्लीवाल्याचं काही उत्तर नाही.
दुपारभर घरात बसवेना. ठरवलं, जाऊन दोघींना घेऊन यायचं. तिथे काय बोलायचं ते नीट जुळवतोय. सुरुवात दमदार हवी.

२३ जून, शनिवार. एस.टी.त, वेल्ह्याहून परतताना
सकाळी निघालो. चेलाडी फाट्यावर गाडी बदलली. वेल्ह्यापासून पुढे जीप, मग चालत. चिखल. दोनदा पडलो, कपडे भरले.
शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात उभा राहिलो तर सगळी पोरं खडखडून उठली. "एक साथ नमस्ते साहेब!" तपासणीला आलो असं त्यांना वाटलं. मी "बसा बसा" म्हणालोसुद्धा.
शाहीननं वळून बघितलं. पोरांना म्हणाली, "साहेब नाहीत. हे नूरचे अब्बा. चला, कुठे होतो आपण?" आणि मला, "बाहेर ओसरीवर बसा. धडा संपू दे."
बसलो. तिचा आवाज ऐकू येत होता. घरी असताना असा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मोकळा, जरा मोठा. एक पोरगा काही चुकीचं म्हणाला तर ती हसली. जुळवून आणलेलं वाक्य मी मनात म्हणून बघत होतो. ते दर खेपेला लहान होत गेलं.
शाळा सुटली. बनाबाईंनी चहा आणला. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "ह्येच व्हय तुजं मालक? बोलत्यात का?"
शाहीन शेजारी बसली. मी म्हटलं, "न्यायला आलोय."
"का?"
म्हटलं, "घर सुनं वाटतं."
"मलाही वाटायचं," ती म्हणाली. "तुम्ही घरात असताना."
मी म्हटलं, "तो फोन मी..." ती म्हणाली, "माहितीये मला. त्याच दिवशी माहीत होतं. चहा गार होतोय."
म्हटलं, पुन्हा येऊ का? "या की. नूरला भेटायला या. दर शनिवारी या हवं तर. पण येतो म्हणून सांगू नका, पोर वाट बघत बसते. आलात की आलात."
नूर पोरांबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला गेली होती. एक मोठा घेऊन पळत आली, माझ्या नाकासमोर धरला, "अब्बा, हा चावतो!" म्हणाली आणि परत पळाली. थांब म्हणायच्या आत.
शाहीन आणि नूर माझ्याबरोबर खाली उतरून जीपनं वेल्ह्यापर्यंत आल्या, वस्तीवर मीठ-साखर न्यायची होती. स्टँडवर चारची गाडी उभीच होती. मी चढलो. गर्दी. गाडी सुटली तेव्हा त्या दोघी उजवीकडे उभ्या होत्या.
मला खिडकी मिळाली होती. पण डावीकडची.