कुणाला न चावणारा मासा

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९४४

पुन्हा हिरवी! परवाच घासली होती ती काच. नारळाच्या शेंडीनं, राख लावून, मनगट भरून येईपर्यंत. आज बघते तर पुन्हा शेवाळ. आणि वर ओरडा मलाच — "राख लावलीस व्हय? मासं मरतील की!" मासे मरतील. आडाचं पाणी ओढून ओढून बायका मरत नाहीत!

पेटी साहेबाची. जमादारकीतनं पेन्शनीत निघाल्यावर हे साहेबाच्या बंगल्यावर देखरेखीला होते. साहेब बदलून गेला, जाताना काचेची पेटी ह्यांच्या गळ्यात घातली, चार तांबड्या माशांसकट. पेटी ती केवढी — कळशा तीन ओतल्या की भरली. पण रुबाब असा, की जशी जहागीरच मिळाली. मी म्हटलं, खिडकीतनं हलवा, ऊन लागलं नाही तर शेवाळ धरणार नाही. तर — "मग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार कसं?"

आता म्हणे शेवाळ खाणारा मासा आणायचा. तोही असा, की शेवाळच खाईल आणि तांबड्यांना तोंड लावणार नाही. साताऱ्यात कुणाला विचारायचं ठेवलं नाही. न्हाव्याला सुद्धा विचारून आले!

गोदावरी दिवाळीला आली ती इथंच आहे. सांगलीहून दोनदा सांगावा आला, सून पाठवा म्हणून. मी विचारते, नाही ना पाठवायची? तर "बघू". पोरीच्या हातावरचा डाग अजून गेला नाही. दूध उतू गेलं म्हणून सासूनं तापलेलं उलथनं टेकवलं. जावई तिथंच पाटावर जेवत होता. जेवला म्हणे पोटभर.

गोदावरीच म्हणाली, आई, तू लिहून काढ, बोललीस की भांडण होतं. चार बुकं शिकलेली मी. लिहिते. निदान वही तरी "बघू" म्हणत नाही.

गुरुवार, १० फेब्रुवारी

आप्पासो आले वडूजहून. ह्यांचे चुलतभाऊ. आल्या आल्या पेटीपुढं फतकल. म्हणाले, "दादा, त्यात काय एवढं? आमच्या हिरीत मरळ सोडलीया. पाणी कसं आरशागत! हितंबी मरळच सोड."

मी आतनं म्हटलं, "आवं भावजी, हीर केवढी न पेटी केवढी!"

"वयनी, तुमी भाकरीचं बघा."

बघितलं. दुपारी दोघं जाऊन तांब्यातनं मरळीचं पिल्लू घेऊन आले. वीतभर काळं, डोकं सापासारखं. सोडलं पेटीत. गोदावरी जवळ जाऊन बघत राहिली. म्हणाली, "बाबा, तांबडे सगळे कोपऱ्यात गेले. भ्यालेत ते."

"नवं हाय म्हणून. चार दिसांत रुळतील."

पोरगी पहिल्या वेळी सांगलीहून येऊन माझ्या मांडीवर रडली, तेव्हाही हेच म्हणाले होते. चार दिसांत रुळंल!

शुक्रवार

एक तांबडा नाही. हे म्हणतात, उडी मारून बाहेर पडला असेल. खाट ओढून बघितली, रांजणामागं बघितलं. मला झाडूनं सगळी खोली लोटायला लावली. मरळ तळाशी पडलीय, पोट टम्म.

रविवार, १३ फेब्रुवारी

दुसरा गेला. ह्या खेपेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत — शेपूट तोंडाबाहेर वळवळत होतं. शेवाळाला तर त्या मरळीनं शिवलं सुद्धा नाही. काच जशीच्या तशी हिरवी.

हे जेवले नाहीत! ताट सारलं. "घास उतरंना." माशासाठी! पोरीनं हात दाखवला त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, वर ताक मागितलं होतं.

मी म्हटलं, मरळ द्या इकडं, कालवण करते. तर डोळे वटारले. आप्पासो ती परत घेऊन गेले. जाताना तोंड एवढंसं करून म्हणाले, "दादा, माझं चुकलं गड्या." दोन माशांपायी भावाची माफी मागून गेले. आणि गोदावरीची सोयरीक ह्याच आप्पासोंनी आणली होती. त्याबद्दल अवाक्षर नाही.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

सकाळीच माहुलीला गेले. तिथं नदीवर रंगूबाई म्हणून भोईण आहे, मासे विकते. तिच्यापुढं तासभर बसले असतील. घरी आल्यावर स्वतःच हसत हसत सांगत होते. काय खातो? चावतो का? दुसऱ्याच्या अंगावर जातो का? उपाशी राहिला तर काय करतो? रात्री धिंगाणा घालतो का? शेवटी ती बाई कावली — "आवं जमादार, मासा घेताय का सोयरीक जुळवताय?"

हे खदाखदा हसले. मी नाही हसले. म्हटलं, "पोरीला देताना ह्यातलं एक तरी विचारलंत का? उपाशी असला तर काय करतो, अंगावर जातो का — एक तरी? जमीन किती, ऊस किती, एवढं विचारून सुपारी फोडलीत."

मग म्हणाले, "तुझं आपलं कायबी असतंय."

आणलेत दोन मळ्या. बोटाएवढे, मातकट, तोंड खालच्या अंगाला. दगडाला चिकटून बसतात नि शेवाळ चाटतात म्हणे. ह्यांनी बरोबर नदीतला गोटा सुद्धा आणलाय, त्यांना परकं वाटू नये म्हणून! पोरीला पाठवली तेव्हा सासूला न्हाण्याचा थाट आवडत नाही म्हणून ह्यांनीच हिची साबणाची वडी सुद्धा पिशवीतनं काढून ठेवली होती.

सोमवार, २१ फेब्रुवारी

चाटतात खरं. एका बाजूची काच अर्धी मोकळी झाली. तोंड लावून हळूहळू वर सरकतात, मागं स्वच्छ पट्टा राहतो. तांबड्यांकडं बघत सुद्धा नाहीत. तांबडे पण आता मधोमध फिरतात. खोटं कशाला लिहू — मी सुद्धा घटकाभर बघत बसले. गोदावरी शेजारी बसली होती. दिवाळीपासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आई, ह्यांच्यात सासू कोणती गं?"

"कुणीच नाही. म्हणून तर नांदतायत."

आमचं हसणं ऐकून हे बाहेरनं आले, आणि तेही हसले, कशाला हसतोय ते न कळता.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

काच आरपार झाली. गल्ली लोटली बघायला. ह्यांचा पाय जमिनीला लागेना — "जो शेवाळ खातो तो मऊ पाहिजे, पारख लागती, पारख!" म्हटलं, आज मन मोकळं आहे, आज विचारावं. सगळे गेल्यावर विचारलं. पोरीचं काय ठरलं?

पेटीकडं बघतच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पोचवून येतो सांगलीला."

"ती जाणार न्हाई."

"आगं, आता तसलं काय ऱ्हायलं न्हाई. तितं दुसरी आलीया. कामाची वाटणी हुईल. म्हातारीचं निम्मं लक्ष तिच्याकडं जाईल."

मला आधी कळलंच नाही. "दुसरी कोण?"

"जावयानं केली. संक्रांतीच्या आदी."

"तुमाला कवा कळलं?"

मग काचेवर बोट टेकवून — "हे बघ की. चौघं कसं ऱ्हात्यात! जमवून घेतलं की जमतंय. ह्या दोघी बी घेतील."

मागं गोदावरी दारात उभी होती. हातात पाण्याची कळशी. तिनं ती खाली ठेवली, हळूच, थेंब न सांडता. आणि आत गेली.

शुक्रवार

रात्रभर पोरगी रडली नाही. त्याचीच भीती वाटते.

कोरेगाव, रविवार, २७ फेब्रुवारी

काल पहाटे गोदावरीला घेऊन निघाले. इथं भाऊ आहे माझा, अर्जुना. तो म्हणाला, "आक्का, ऱ्हा." भावजयीनं दोन ताटं जास्त वाढली. आयुष्यात नवऱ्याला न सांगता उंबरा ओलांडला नव्हता. ओलांडला! ह्यांना सांगावा धाडलाय, नेणाऱ्याला तो चार लोकांत मोठ्यानं म्हणायला सांगितलंय — गोदावरी सांगलीला जाणार नाही, बापाच्या घरी मानानं राहील, हे कबूल असलं तर स्वतः इथं येऊन तिच्यापुढं बोला. नसलं कबूल, तर मीही येत नाही, आणि मग तुमचं घर तुम्ही सांभाळा. हो की नाही, ते बुधवारी दिवस मावळायच्या आत कळलं पाहिजे.