दीपाच्या नावाची सीट

प्रिय दीपा,

सप्रेम जय भीम. फोन केला असता, पण फोनवर मी मधेच विषय बदलेन हे मला माहीत आहे, म्हणून कागद घेतला. तुझी आई परवा घाटंजीच्या बाजारात भेटली, वांगी निवडत होती. तू बाभुळगावच्या लॅबमध्ये रमलीस असं म्हणाली. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. मलाच धड बोलता आलं नाही.

आपल्या संस्थेत विशेष बदल नाही. संस्था बाबाराव सरच पाहतात, खेमसिंगभाऊ अजून तीच जीप चालवतात. पाणी तपासायला सुरभी नावाची नवी मुलगी आली आहे. तिला सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं म्हणून मागच्या आठवड्यात मी आपल्या वर्कस्पेसमध्ये किती सीट, म्हणजे माणसांच्या जागा, रिकाम्या आहेत ते पाहिलं. एकही नव्हती. दहाच्या दहा भरलेल्या, आणि त्यांत एक तुझी. बाबाराव सर म्हणाले, "दीपाले जाऊन दीड वर्ष झालं, तिचं नाव कायले ठेवलं? काढून टाक." मी तुझं नाव उघडलं. माणूस काढण्याआधी ते सॉफ्टवेअर विचारतं, याचं काम कोणाच्या नावावर करायचं? त्याच्याच खाली लिहिलं होतं : न पाठवलेल्या नोंदी, सात.

सातही त्या डोंगरामागच्या कोलाम वस्तीच्या, पोडाच्या. तारीख, हापशीचा नंबर, फ्लोराइडचा आकडा, नळीचा फोटो, फोटोच्या कडेला तुझा अंगठा. शाळेजवळच्या हापशीचं पाणी तू दोन दिवस लागोपाठ तपासलं होतंस आणि दोन्ही वेळा आकडा धोक्याच्या रेषेच्या वर होता. पोडावर नेटवर्क नाही. घाटंजीत येताना सहा फोटो चढले, सातवा अर्धवट अडकला, आणि त्या एकामुळे अख्खा गठ्ठा ड्राफ्टमध्येच पडून राहिला. तुला वाटलं, गेलं. इकडे अहवालात तुझ्या नावापुढे शून्य. बैठकीत तू उभी राहून म्हणालीस, "मी गेलती सर, दोनदा गेलती." सर म्हणाले, "मंग नोंद कुठी आहे?" घरी बसून पगार घेते, असं कोणीतरी मागून बोललं. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास.

मी खेमसिंगभाऊंना घेऊन पोडावर गेले. त्याच हापशीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. गुलाबी रंग उतरून पिवळा झाला. तुझाच आकडा. दीड वर्ष ही लेकरं हेच पाणी पीत असतील, असं वाटलं. तिथल्या वच्छलाबाईंना विचारलं तर त्या मलाच हसल्या. "हे कोण पिते बाई? ते पोरगी आलती नं, दोन खेपा. घरोघरी सांगून गेली, पिऊ नका म्हणे. तवापासून आमी वावरातल्या विहिरीचं आणतो. हापशीवर ढोरं धुतो." विहीर किती लांब आहे ते मी चालून पाहिलं. जायला वीस मिनिटं, आणि येताना चढ.

सोमवारच्या बैठकीत सातही नोंदी पडद्यावर दाखवल्या. सरांनी एकेक नोंद पुन्हा उघडायला लावली. मग म्हणाले, "आपलं चुकलं. दीपाले तसं पत्र पाठवा, मी सही करतो." हापशीला लाल रंग दिला आहे, नव्या बोअरसाठी पंचायतीत अर्ज गेला आहे. नोंदी तुझ्याच नावाने पाठवल्या. आणि सुरभीच्या सीटचं म्हणशील तर आपल्या ऑफिसातल्या फुलचंदजींच्या नावावर दोन निघाल्या. पासवर्ड विसरले म्हणून त्यांनी दुसरं खातं उघडून घेतलं होतं आणि दोन वर्षं कोणाला पत्ता नव्हता! त्यांतली एक सुरभीला दिली.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तो शून्याचा अहवाल दीड वर्षापूर्वीच्या त्या बैठकीच्या आदल्या दिवशी सरांपुढे मी ठेवला होता. "नीट पाहिलं नं तू?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले. पाहिलं नव्हतं. तुझ्या नावावर एकदा क्लिक करायचं होतं, तेवढंही केलं नाही. मला पाचची बस गाठायची होती. राजीनामा देऊन तू माझ्याच घरी आलीस, रडत रडत विचारत राहिलीस, "कोनं सांगितलं असंल वं सरले?" आणि मी तुला चहा करून दिला. सरांच्या पत्रात संस्थेची चूक असेल, माझं नाव नसेल. ते पत्र तुझ्या हाती पडायच्या आत हे पडावं, एवढ्यासाठी लिहिलं. रविवारी दुपारी मी बाभुळगावला येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुला अजून चालत असेल तर, तुझीच
मैत्रेयी