पाच दिवसांची पाहुणी

शनिवार, ४ फेब्रुवारी १९८४

शेवटी हो म्हणालो. सोमवारी निघायचं – पाच दिवसांसाठी. गंगापूर रोडच्या पुढच्या त्या वृद्धाश्रमात!

यशोदानं वर्षभर लावून धरलं होतं. "मला एकदा बघायचंय," एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, बघण्यासारखं काय आहे तिथं? ज्यांच्या हातून काम होत नाही अशांना एका आवारात नेऊन ठेवायचं, ही कुठली माणुसकी? याच विषयावर मी सातपूरला पेन्शनरांच्या सभेत तासभर बोललो होतो. टाळ्या थांबत नव्हत्या. तिला सांगितलं, तर म्हणाली, "आणि मग ते टाळ्या वाजवणारे आपल्याकडे आले. चहा कुणी केला?"

तिचे गुडघे गेलेत, हे खरं आहे. खाली बसली की उठताना भिंत धरते. घराचं दार सकाळी उघडतं ते रात्रीच लागतं. कुणाची बदली, कुणाची पोलीस केस, कुणाचं लग्न – सगळे माझ्याकडे. मुलगा धम्मपाल ओझरला बोलावतो, फॅक्टरीचं क्वार्टर आहे त्याला. ती नको म्हणते. "सून नोकरीवर जाणार. तिथंही स्टोव्हपुढं मीच."

आश्रमाची पद्धत अशी – आधी पाच दिवस पाहुणे म्हणून राहायचं. आपण त्यांना बघायचं, त्यांनी आपल्याला. मग दोन्हीकडून ठरवायचं. दोन खाटांची एक खोली रिकामी आहे म्हणे.

पाच दिवसांत तिचं मन उतरेल. माझी खात्री आहे. नाही उतरलं तर उतरवण्यासारखं तिथं पुष्कळ सापडेल. मी ते शोधीन.

सोमवार, ६ फेब्रुवारी

पोचलो. आवार मोठं, पेरूची झाडं, बैठी कौलारू इमारत. मॅनेजर सानप नावाचे गृहस्थ – पन्नाशीचे, आवाज मऊ, फार मऊ.

मी संडास पाहिले. पाण्याची टाकी वर चढून पाहिली. डॉक्टर कधी येतो, आजारी माणसाला दवाखान्यात कोण नेतं, जेवणाचं कोण ठरवतं, कमिटीवर राहणाऱ्यांपैकी कुणी आहे का – सगळं विचारलं. कमिटीवर कुणी नाही! सगळे देणगीदार. संध्याकाळी हरिपाठ होतो. "सक्ती?" "छे छे, साहेब, इच्छेचा प्रश्न." सानप शेवटी म्हणाले, "पगारे साहेब, तुम्ही राहायला आलात का तपासणीला?" मी म्हटलं, "तपासल्याशिवाय राहायचं कसं?"

एवढा वेळ यशोदा कुठं होती? खोलीत. खाटेवर बसून, खिडकी उघडून. काहीच बघत नव्हती. नुसती बसली होती.

जेवायच्या घंटेला सगळे हॉलमध्ये बाकांवर बसले. यशोदा उभीच राहिली, भिंतीला टेकून. वाढायला कुणी बोलावतं का, बघत होती. फकिरा म्हणून आचारी आहे, दांडगा माणूस. तो म्हणाला, "बाई, उभ्या का? बसा की. तुम्ही उभ्या राहिलात तर मला वाटतं माझ्या भाजीत काही खोट निघाली." ती हसली आणि बसली. भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिनं मागून घेतलेली मी आजवर पाहिली नव्हती.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहिणार.

इथल्या बायका सकाळी ओसरीवर बसून भाजी निवडतात. ज्याला जमेल त्यानं बसायचं – गप्पा होतात, फकिराचं कामही हलकं होतं. यशोदा जाऊन बसली. मी पलीकडे खुर्चीवर पेपर वाचत होतो. तिनं मेथीची जुडी पुढं ओढली.

मध्यभागी अंबूबाई. लासलगावकडची, घरी कांद्याची चाळ, ट्रॅक्टर, सगळं असलेली. तरी इथं. आवाज खणखणीत.

"कुठल्या तुम्ही?"

"नाशिकच्याच. माहेर निफाडकडं."

"आडनाव काय म्हनलं?"

"पगारे."

"पगारे तर लय हायेत. आमच्यातबी हायेत. तुमचे कोनचे?"

"आम्ही बौद्ध," यशोदा म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवला नाही.

मग अंबूबाई म्हणाली, "बरं. तुम्ही पाव्हन्या हायेत. कशाला हात भरवता? ऱ्हाऊ द्या." आणि यशोदाच्या पुढ्यातली जुडी उचलून स्वतःच्या सुपात टाकली.

किती सभ्य! किती अलगद! शिवी नाही, हाकलणं नाही. पाहुणचार! बाकीच्या बायका माना खाली घालून पानं खुडत राहिल्या. यशोदा तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून.

खोलीत विचारलं, "कळलं ना तुला?"

"न कळायला काय झालं?"

"मग उठून का नाही आलीस?"

"उठले असते तर तिला पाहिजे तेच झालं असतं."

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज तांदूळ निवडायचे होते. यशोदा पुन्हा जाऊन बसली, तीही अंबूबाईच्या शेजारीच! अंबूबाईनं सूप दुसऱ्या बाजूला सरकवलं. "तुम्ही गप्पा मारा हो." आणि यशोदा खरोखर गप्पा मारत बसली. गुडघ्यांवर. एरंडेल चांगलं की निर्गुडी. अंबूबाई म्हणाली, "माझा एक गुडघा सासूनं मोडला, एक सुनेनं." यशोदा म्हणाली, "माझे दोन्ही पुढाऱ्यांनी." दोघी हसल्या. माझ्याकडे बघून!

मला बसवेना. सानपांकडे गेलो. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाले, "साहेब, जुन्या बायका आहेत. हळूहळू होईल."

हळूहळू! हा शब्द मी लहानपणी विहिरीवर ऐकला. शाळेत ऐकला. कचेरीत पाण्याच्या माठाजवळ ऐकला. माझा बाप हळूहळू करत मेला. जगातली एवढी पुस्तकं वाचली, त्यात एकही हक्क हळूहळू मिळाल्याचं वाचलं नाही. अपमान गिळणाऱ्याला लोक शहाणा म्हणतात, कारण तो गिळतो आहे तोवर त्यांना काही करावं लागत नाही.

उद्या रात्री जेवणानंतर पाहुण्यानं हॉलमध्ये दोन शब्द बोलायचे, अशी इथली रीत आहे. ठीक. दोन शब्द बोलीन.

यशोदानं ओळखलं.

"उद्या मेथीचं काढू नका."

"का?"

"तिचं मी बघते."

"तू काय बघणार?"

"पाच दिवस म्हणालात ना? ते माझे म्हणून दिलेत ना? मग अजून दोन शिल्लक आहेत." मग म्हणाली, "मला इथं राहायचंय हो. या बायकांत. तुम्ही बोलून मोकळे व्हाल. बसायचं मला आहे."

तिला वाटतं ही तिची एकटीची गोष्ट आहे. मेथीची जुडी तिच्या एकटीच्या पुढ्यातून नाही उचलली.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

झालं. बोललो.

सकाळपासून मागच्या पेरूखाली बसून जुळवाजुळव करत होतो. यशोदा एकदा येऊन उभी राहिली होती. मला वाक्य सापडत होतं, मी हातानं थांब म्हटलं. ती गेली.

रात्री हॉल भरलेला. माईक नाही. मला कधी लागला नाही. सुरुवात हळू केली – जेवणाची स्तुती, फकिराची स्तुती, पेरूंची. लोक सैल झाले. मग म्हणालो, "तुमचे हात थरथरतात. डोळ्यांना दिसत नाही. कुणाला मुलांनी आणून सोडलं, कुणी आपण होऊन आलात. घर सुटलं, शेत सुटलं, भांडीकुंडी सुटली. एवढं सगळं मागं टाकून आलात – आणि जात तेवढी गाठोड्यात बांधून आणलीत?"

मी नाव घेतलं नाही. मेथीची जुडी मात्र सांगितली, तांदळाचं सूप सांगितलं. कुणाकडे बघायचं ते सगळ्यांना कळलं. झुंबर मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी पहिली टाळी वाजवली. मग सगळा हॉल. सानप उठून म्हणाले, झाल्या गोष्टीची माफी मागतो, उद्यापासून निवडायला पाळी लावतो, पाळीत सगळे येतील.

अंबूबाई ताक अर्धं ठेवून उठून गेली.

कितीतरी वर्षांत असं बोललो नव्हतो. अंगात आग होती आणि एकही शब्द खोटा नव्हता.

खोलीत आलो. यशोदा पाठ करून लुगड्याची घडी घालत होती. म्हणाली, "आज सकाळी अंबूबाईनं मला लसूण दिला सोलायला."

"काय?"

"आपण होऊन दिला. तिच्याच सुपात हात घातला मी. तेच सांगायला मागं पेरूखाली आले होते."

माझ्या तोंडून निघालं, "दोन दिवस वाट बघून चार गड्डे लसूण! तेवढ्यानं जात गेली का?"

"नाही गेली," ती म्हणाली. "पण लसूण दिला होता."

मी चूक बोललो का? वाक्यावाक्यानं परत आठवून बघतो आहे. एकही मागं घ्यावंसं वाटत नाही. उद्याही हेच बोलीन. तरी झोप येत नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

ओसरीवर सानपांनी पाळी लावली. पहिलं नाव यशोदाचं. बायकांनी सगळी सुपं तिच्यापुढं सरकवली. "घ्या, बाई. तुम्ही घ्या ना, बाई." गुडघ्यांवर कुणी बोललं नाही. कशावरच बोललं नाही. तिनं एकटीनं पाल्याचा ढीग निवडला.

अंबूबाई आलीच नाही. दुपारी जेवायलाही नाही. यशोदा ताट घेऊन तिच्या खोलीकडे निघाली. मी लांबून मागं गेलो. का गेलो, माहीत नाही.

अंबूबाईचा आवाज दाराबाहेर येत होता. "तुझ्या नवऱ्यानं चारचौघांत माझं नाक कापलं!"

"आणि तुम्ही माझं नव्हतं कापलं?" यशोदा म्हणाली. "तुम्ही हळू आवाजात कापलं, एवढंच."

मी जागच्या जागी थांबलो. मग दार आतून लागलं. पुढचं ऐकू आलं नाही. यशोदा बाहेर आली तेव्हा ताट रिकामं होतं.

संध्याकाळच्या बसनं परत. खिडकीकडे तोंड करून बसली होती.

रविवार, १२ फेब्रुवारी

घरात दिवसभर माणसं. झुंबर मास्तरांनी बातमी पोचवली वाटतं. "दादा, हॉल हलवून सोडलात म्हणे!" एकानं ते गाठोड्याचं वाक्य मलाच म्हणून दाखवलं. यशोदा चहा आणत होती, कप नेत होती. मोरीतून ओट्याकडे जाताना भिंत धरत होती.

शनिवार, १८ फेब्रुवारी

सानप स्वतः आले. आश्रमाचं ठरलं – आम्हा दोघांना घ्यायला सगळे तयार. शिवाय कमिटीवर राहणाऱ्यांचा एक माणूस घेणार, तो मी असावा, असं सगळ्यांचं म्हणणं!

मला जायचं नव्हतं. आता जावंसं वाटतं. तिथं काम आहे. हरिपाठाच्या जोडीला वाचन सुरू करता येईल. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायला पाहिजे. देणगीदारांना हिशेब विचारणारं कुणी नाही. म्हातारी माणसं म्हणजे मेलेली माणसं नव्हेत! सानप बसले होते तेवढ्यात मी त्यांना दहा गोष्टी सांगितल्या.

ते गेल्यावर यशोदाला म्हटलं, "तुझंच खरं झालं. चल, जाऊ. दोन खाटांची खोली आपली."

ती कप विसळत होती. म्हणाली, "सानपांना मी दाराशी गाठून बोलले आहे." काय बोललीस विचारलं, तर म्हणाली, "कळेल."

गुरुवार, १ मार्च

यशोदा गेली. एकटी.

दोन खाटांची खोली तिनं नको म्हणून कळवलं होतं. अंबूबाईच्या खोलीतली एक खाट रिकामी होती, ती मागितली. अंबूबाई हो म्हणाली. धम्मपाल पोचवून आला.

मी विचारलं होतं, "आणि मी?" ती म्हणाली, "तुम्हाला इथं माणसं आहेत. मला तिथं होऊ द्या." मग रिक्षात चढताना, गुडघा हातानं उचलून आत घेत म्हणाली, "रविवारी येत जा. पण उभं राहून बोलू नका. बसून बोला."