गाडीचा फोटो

६ एप्रिल

हॉटेल बंद! मुकादम म्हणाला, "साथ संपली की बोलावू." भिजवलेल्या चादरी टाकीत तशाच सोडून आलो. आता खोलीत दिवसभर पाचजण. खिडकी एक.

दादाच्या टेम्पोचं कर्ज माझ्या नावावर. पगाराची चिठ्ठी माझ्याकडे होती म्हणून. आता चिठ्ठीही नाही, पगारही नाही. टेम्पो मात्र चालतोय — दादा गावाकडे दवाखान्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवतो. सगळं घर त्याच्यावर.

१० एप्रिल

बँकेचा मेसेज. "या कठीण काळात आम्ही तुमच्यासोबत आहोत."

खोलीतल्या इस्त्रीवाल्याला दाखवला. म्हणाला, "सोबत म्हणजे मागावर!" सगळे हसले. मीपण.

१३ एप्रिल

बँकेला फोन लावला. पाऊण तास नुसतं गाणं वाजवलं. मग एक बाई — "बोला सर."

सर! चार वर्षं चादरी धुतोय, कुणी सर म्हणालं नव्हतं. "काळजी करू नका, हप्ते थांबवायचा अर्ज मी भरते." काम गेलं? गेलं. परत कधी? माहीत नाही. शिल्लक? नाही. घरी कमावतं कोण? दादा, टेम्पोवर. सगळं खरं खरं सांगितलं. शाळेत कधी इतकी पटापट उत्तरं आली नव्हती मला.

आज पोटभर जेवलो.

२२ एप्रिल

अर्ज "विचाराधीन" आहे म्हणे. इस्त्रीवाला म्हणतो, फायलीवर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय.

३ मे

दादाचा फोन. दोन माणसं घरी आली होती. तोंडाला मास्क, हातात कागद. आरडाओरडा नाही. टेम्पोभोवती एक चक्कर मारली, नंबर लिहून घेतला. "हप्ता चुकलाय भाऊ. गाडी जमा करावी लागेल. उद्या येतो." जाताना फाटकसुद्धा लावून गेले.

दादा म्हणाला, "शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं."

टेम्पो त्यानं दुसरीकडे हलवलाय. कुठे ते मलाही सांगितलं नाही.

"तू अर्ज केलायस ना नक्की?"

"केलाय रे दादा."

"मग मंजूर होईपर्यंत तो कुणाला दिसता कामा नये."

५ मे

त्याच बाईचा फोन. "सर, तुमचा अर्ज शेवटच्या टप्प्यात आहे. गाडी चांगल्या स्थितीत असल्याचा फोटो हवा. आजचाच."

मी विचारलं, मग ती दोन माणसं कशाला आली होती? "तो विभाग वेगळा, सर. मी आहे ना."

दादा पहाटेच्या फेऱ्या मारून झोपलेला. वहिनीला म्हटलं, एक फोटो काढून पाठवा.

"भाऊजी, हे ओरडतील हो. कुणाला दाखवायचा नाही म्हणालेत."

"त्याला कळायच्या आत काम झालेलं असेल, वहिनी. खूश होईल तो!"

तासाभरात फोटो आला. टेम्पो धुऊन चकचकीत. पुढच्या बंपरवर पुतणी बसलीये, दोन बोटं वर करून. केवढी वाढली! मागे पिठाच्या गिरणीची पाटी — म्हणजे तिथे लपवलाय तर! हुशार आहे दादा.

लगेच बाईंना पाठवला. उत्तर आलं — "सहकार्याबद्दल आभार, सर."

६ मे

इस्त्रीवाल्याला सगळं सांगितलं. फोटोही दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला, पाटी वाचली. फोन माझ्या हातात परत दिला.

हसला नाही.

७ मे

बाईंचा नंबर लागत नाही. नुसतं गाणं.

दादाला सांगायला फोन काढला. नाही लावला. उगाच कशाला घाबरवायचं. उद्या बघू.

८ मे

टेम्पो नेला. भरलेल्या सिलिंडरांसकट. कुणाला काही विचारलं नाही, सरळ गिरणीमागे गेले. दवाखान्यातून दादाला फोनवर फोन.

"जागा कुणी सांगितली रे त्यांना?"

"काय माहीत," मी म्हटलं.

दादाचा फोन स्पीकरवर होता; मागे वहिनी पोरीला भरवताना ऐकू येत होती. तिचा आवाज थांबला.