वरून ओतलेला द्राक्षारस

अकोला, रविवार, जुलै १९५७

फ्ल्यूच्या साथीमुळे पाच आठवडे बंद असलेलं चर्च आज उघडलं. पाळक मी, तेव्हा नियमही माझेच. बाकं लांब लांब, खिडक्या उघड्या, आणि प्रभुभोजनाला सगळ्यांचा मिळून एक प्याला नाही. ज्यानं त्यानं घरून पेला आणायचा. मी हात उंच धरून वरून द्राक्षारस ओतणार, कुठे स्पर्श नको. डॉक्टरांनाही पटलं. मला तर स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

राहेलबाई शेवटी आल्या. याच साथीत त्यांचा मुलगा गेला. त्याचाच पोचे पडलेला पेला आणला होता. मी ओतू लागलो तसा त्यांनी पेला मागे घेतला. द्राक्षारस फरशीवर सांडला.

"साहेब, असं वरून पाणी तं आमाले गावात विहिरीवर देत," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यापायीच इथं आली होती."

माझा बापही विहिरीवर तशीच ओंजळ धरून उभा राहायचा. मला, त्याच्याच मुलाला, हे कसं सुचलं नाही?

त्या कोरडा पेला घेऊन घरी गेल्या. साथ अजून आहे. पुढच्या रविवारीही हात उंचच धरावा लागेल.